हलाखा आणि राज्याचा कायदा : दुसऱ्या दाराची गोष्ट

१९६४ सालच्या उन्हाळ्यात जेरुसलेम शहरात काही माणसे बायकामुलांसह धरणे धरून बसली होती. आपसात ती मराठी बोलत होती. त्यांची आडनावे पेणकर, दिवेकर, किहीमकर, रोहेकर अशी. पंधरावीस वर्षांपूर्वीपर्यंत ही मंडळी कुलाबा जिल्ह्यात आणि मुंबईत राहत होती. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ती स्वतःला बेने इस्रायल म्हणवत. ज्यू म्हणून ती इस्रायलला गेली आणि तिथे धर्मपीठाने त्यांना विचारले, की तुम्ही ज्यू आहात याला पुरावा काय?

हा प्रश्न लग्नाच्या वेळी विचारला जाई. बेने इस्रायल मुलाला वा मुलीला दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करायचे असेल, तर नोंदणी करणाऱ्या रब्बीने आईची, आजीची आणि शक्य तितके मागे जाऊन कुळाची चौकशी करावी, कुणाचा घटस्फोट झाला होता काय, झाला असल्यास तो कसा, पुन्हा लग्न कुणाशी झाले, हे सगळे तपासावे, अशा सूचना १९६२ च्या फेब्रुवारीत मुख्य धर्मपीठाने काढल्या होत्या. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज आले, अशी ज्यांची परंपरा, त्यांनी पणजीच्या काडीमोडाचा कागद कुठून आणायचा?

आपल्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असावी. कोकणातल्या बेने इस्रायलांचे धार्मिक कामकाज पाहणाऱ्याला 'काजी' म्हणत. लग्न लावणे, तंटे मिटवणे ही कामे त्याच्याकडे असत. त्यांच्या प्रार्थनास्थळालाही लोक 'मशीद' म्हणत. मुंबईतले त्यांचे १७९६ सालचे पहिले सिनेगॉग आजही 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले जाते. शेजाऱ्यांचे शब्द असे सहज उचलून हा समाज शतकानुशतके जगला. त्याच्या काजीने लावलेले लग्न खरे की खोटे, असा प्रश्न कोकणात कुणाला पडला नाही. तो पडला ज्यूंच्या स्वतःच्या राष्ट्रात. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर ज्यू धर्मकायद्याचा आणि राज्यसंस्थेचा संबंध मुळापासून पाहावा लागतो.

ज्यू धर्मकायद्याला 'हलाखा' म्हणतात. चालणे या अर्थाच्या हिब्रू धातूपासून हा शब्द आला. शरीयत म्हणजे पाणवठ्याकडे नेणारी वाट, हे आठवले की दोन्ही भाषांचे बहीणपण लगेच ध्यानात येते. अरबीत 'दीन' म्हणजे धर्म, हिब्रूत 'दीन' म्हणजे कायदा. न्यायाधीश तो 'दय्यान'. तोरा, मग मिश्ना, मग तालमुद आणि त्यांवरची हजारो उत्तरे म्हणजे आपल्याकडच्या फतव्यांसारखे वाङ्मय, असा हा पसारा आहे. त्यात केवळ सोवळेओवळे नाही. मजुराची मजुरी, गहाणखत, शेजाऱ्याची भिंत, हरवलेली वस्तू, साक्षीपुरावा, सारे काही आहे. आणि हा सगळा कायदा सुमारे अठराशे वर्षे स्वतःच्या राज्याशिवाय चालला. त्याच्यामागे फौज नव्हती. बहिष्काराचे हत्यार होते आणि लोकांची मान्यता होती. तिसऱ्या शतकात बॅबिलोनियात शमुएल नावाच्या आचार्याने व्यवहारापुरता राज्याचा कायदा ज्यूंनाही बंधनकारक ठरवून टाकला. त्यामुळे परक्या राज्यात आपला कायदा कुठवर न्यायचा आणि कुठे थांबवायचा, याचा ज्यूंना चांगला सराव होता.

या कायद्यातला सर्वांत अवघड भाग घटस्फोटाचा. हलाखानुसार विवाह संपतो तो 'गेट' दिल्याने. (इंग्रजी फाटकाशी या शब्दाचा संबंध नाही.) गेट म्हणजे नवऱ्याने स्वखुशीने लिहवून बायकोच्या हाती दिलेले सुटकेचे पत्र. न्यायालय निवाडा देऊ शकते, पण लग्न मोडू शकत नाही. मोडायचे ते नवऱ्यानेच. आपल्या फिक्हमध्ये निदान काझीने निकाह 'फस्ख' करण्याची सोय आहे. हलाखात दय्यान फार तर नवऱ्याला गेट देण्याचा आदेश देईल. त्याने दिले नाही, किंवा तो परागंदा झाला, तर बायको 'अगुना' होते, म्हणजे जखडलेली. अशा बाईला दुसऱ्या पुरुषापासून मूल झाले तर ते 'मामझेर' ठरते आणि त्याला ज्यू समाजात लग्न करता येत नाही. हा डाग पिढ्यानपिढ्या चालतो. पुरुषाचे तसे नाही. त्याला बिनलग्नाच्या बाईपासून झालेले मूल मामझेर नव्हे आणि वेळ पडल्यास शंभर रब्बींची परवानगी मिळवून तो दुसरे लग्नही करू शकतो.

मग हा कायदा कधी सैल झालाच नाही काय? झाला, आणि तो प्रसंग आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. इसवी सन ६५१ च्या सुमारास इराकमधील ज्यू विद्यापीठांच्या प्रमुखांनी, ज्यांना गाओन म्हणत, असा ठराव केला, की नवरा नकोसा झाला असे बाईने सांगितले तर त्याला सक्तीने, आणि लगेच, गेट द्यायला लावावे. इराकमध्ये इस्लामी राजवट येऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. ठरावाचे कारण दहाव्या शतकातील शेरीरा गाओनने स्पष्टच नोंदवून ठेवले आहे. ज्यू स्त्रिया परधर्मीयांचा आसरा घेऊन नवऱ्याकडून जबरदस्तीने गेट मिळवू लागल्या होत्या, हे पाहून आचार्यांनी आपलेच दार रुंद केले. त्यानंतर काही शतके तिकडच्या ज्यू स्त्रियांना हा मार्ग मोकळा राहिला.

असेच दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात छळाला कंटाळलेल्या मुस्लिम स्त्रिया निकाह तुटावा एवढ्याचसाठी धर्म सोडल्याचे जाहीर करू लागल्या. त्यामुळे मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारखा कट्टर हनफी आलिम अस्वस्थ झाला. त्यांनी मालिकी मताचा आधार घेऊन 'अल्-हीला अल्-नाजिजा' हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला, त्याची वाट या ग्रंथाने सोपी केली. इराक आणि पंजाब यांच्यात तेराशे वर्षांचे अंतर आहे, पण आचार्यांना जाग आली ती एकाच कारणाने. बाईला दुसरे दार सापडले होते.

हलाखातली ही सवलत मात्र टिकली नाही. इसवी सन १००० च्या सुमारास जर्मनीत रब्बी गेर्शोम याने बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट देण्यावर आणि बहुपत्नीत्वावर बंदी घातली. ही मोठीच सुधारणा. पण बाराव्या शतकात फ्रान्समधील रब्बेनू ताम याने गाओनांचा सक्तीचा मार्ग अमान्य केला. सक्तीने घेतलेले गेट हे गेटच नव्हे आणि अशा बाईचे पुढचे मूल मामझेर होईल, ही भीती त्याने घालून दिली. ती आजतागायत दय्यानांच्या मनातून गेलेली नाही. त्याच शतकात कैरोजवळच्या फुस्तातमध्ये बसून मूसा बिन मैमून, म्हणजे मैमोनिडीझ, नेमके उलट मांडत होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या माणसाला मनापासून धर्मात राहायचे आहे त्याची खरी इच्छा धर्माज्ञा पाळण्याचीच असते. त्याची कुबुद्धी आड येते. तिला चोप देऊन मोकळे केले की तो जे बोलतो ती त्याची स्वतःचीच इच्छा. युक्तिवाद मोठा चतुर आहे, पण त्याने तरी निभावून नेले होते.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. उस्मानी साम्राज्यात प्रत्येक धर्मसमाजाचे विवाहविषयक न्यायालय वेगळे असे; ही 'मिल्लत' पद्धती. १९१७ साली उस्मानी सरकारने कुटुंबविषयक कायदा संहिताबद्ध केला. त्यात हनफी चौकटीबाहेरची मतेही घेतली होती. पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी, हिंदुस्थानात केले तसेच, धर्माच्या घरात हात घालायचा नाही असे ठरवले. १९२१ मध्ये मुख्य रब्बींचे पीठ स्थापन झाले आणि १९२२ च्या राजाज्ञेने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे, मुसलमानांचे शरीयत न्यायालयाकडे आणि ख्रिस्त्यांचे त्यांच्या चर्चकडे गेले. पण ब्रिटिश अमदानीत एक पळवाट होती. रब्बींचा अधिकार संघटित ज्यू समाजाच्या सभासदांवर चाले आणि त्यातून नाव काढून घेता येई. गंमत म्हणजे हा हक्क वापरणाऱ्यांत अतिकर्मठ ज्यूच पुढे होते, कारण नव्या धर्मपीठावर त्यांचा विश्वास नव्हता.

ही पळवाट बुजवली ती धर्मनिष्ठांनी नव्हे. डेव्हिड बेन-गुरियन हा समाजवादी आणि आचाराने धर्म न पाळणारा माणूस. संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीपुढे ज्यूंची एकजूट दिसावी म्हणून १९४७ च्या जूनमध्ये त्याने अगुदात इस्रायल या कर्मठ पक्षाला पत्र लिहून शब्बाथ, कोशेर अन्न, शिक्षण आणि विवाह या चार बाबतींत आश्वासने दिली. १९४८ मध्ये राज्य झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत व्हायची राज्यघटना झालीच नाही. १९५१ साली स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा झाला आणि त्यात विवाह व घटस्फोट यांचा अपवाद केला गेला. १९५३ च्या कायद्याने तर इस्रायलमध्ये राहणाऱ्या यच्चयावत ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाच्या एकट्याच्या अधिकारात दिले. नास्तिक असो, समाजवादी असो, कोकणातला असो, सर्वांना एकच उंबरठा. ज्या हलाखाने फौजेशिवाय अठरा शतके काढली, तिच्या हाती आता सरकारी नोंदवही आणि शिक्का आला.

बेने इस्रायलांची कोंडी इथे झाली. कोकणातल्या काजीला गेटचे नियम माहीत नव्हते, पूर्वी कुणी विधवा वा टाकलेली बाई रीतीवाचून पुन्हा लग्न करून बसली असेल, तर तिच्या वंशात मामझेर असतील, हा रब्बींचा संशय होता. खरे तर १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये याच धर्मपीठाने त्यांच्याशी विवाहसंबंध मान्य केला होता, पण चार महिन्यांत चौकशीची अट आली. पूर्वीही असे संशय घेतले गेले होते. मुंबईतले बगदादी ज्यू बेने इस्रायलांशी सोयरीक टाळतच. पण मुंबईत बगदाद्यांनी तोंड फिरवले म्हणून कुणाचे लग्न अडत नव्हते. आपला काजी होता, आपली मशीद होती. इस्रायलमध्ये रब्बीने नाही म्हटले तर दुसरीकडे जायला जागाच नव्हती. म्हणून ती माणसे रस्त्यावर बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी क्नेसेटची खास बैठक बोलावली. बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असे तिथे जाहीर झाले आणि महिनाअखेर धर्मपीठाने सूचनांतून त्यांचे नाव काढले. चौकशीचे कलम मात्र काढले नाही. ज्याच्या कुळाविषयी शंका असेल त्या कुणालाही लागू, असे ते राहिले. पुढे १९८५ साली इथिओपियाहून आलेल्या ज्यूंना धर्मपीठाच्या दारात असेच महिनाभर धरणे धरावे लागले. २०१९ मध्ये रशियन भाषक ज्यूंकडे धर्मन्यायालयांनी डीएनए तपासणीची मागणी केल्याचे उघड झाले. पुराव्याचे साधन तेवढे बदलले.

आता या कहाणीची दुसरी बाजू. विवाहाचा भाग हलाखाकडे सोपवला, पण तिचे उरलेले विशाल भांडार, म्हणजे करार, मालमत्ता, मजुरी, नुकसानभरपाई, हे मात्र नव्या राज्याने बाजूला ठेवले. तिथे उस्मानी आणि इंग्रजी कायदाच चालू राहिला. मेनाहेम एलोन या विद्वानाला याची आयुष्यभर खंत वाटली. १९७३ मध्ये त्याने हिब्रू कायद्यावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. १९७७ पासून तो सर्वोच्च न्यायालयात होता. त्याचे म्हणणे असे, की हलाखातली कर्मकांडे बाजूला ठेवून तिचा दिवाणी कायदा घ्या, तो आपल्या मातीतला आहे. हे अगदीच अव्यवहार्य नव्हते. कामावरून काढलेल्या मजुराला द्यायच्या भरपाईचा १९६३ चा कायदा आहे. त्यामागे मुक्त केलेल्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, ही तोरातली आज्ञा उभी आहे. १९९८ चा, संकटात सापडलेल्याला मदत करण्याचा कायदा तर लेवीय ग्रंथातल्या आज्ञेच्याच नावाने ओळखला जातो.

१९८० साली एक छोटा कायदा झाला. इंग्रजी कायद्याशी असलेले बंधन त्याने तोडले. कायदा, पूर्वनिर्णय किंवा साधर्म्य यांतून उत्तर न सापडल्यास न्यायाधीशाने इस्रायलच्या वारशातील स्वातंत्र्य, न्याय, समता आणि शांती या तत्त्वांनुसार निर्णय द्यावा, असे त्यात म्हटले. लगेच वाद पेटला, तोही एका क्षुल्लक प्रकरणावरून. एका बँकेच्या तिजोरीच्या दालनात जमिनीवर पडलेले रोखे एका ग्राहकाला सापडले. ते बँकेच्या ताब्यात द्यायचे की ज्याला सापडले त्याचे? तालमुदात हरवलेल्या वस्तूंवर पानेच्या पाने आहेत. एलोन म्हणाला, कायद्यातला शब्द संदिग्ध असला तरी आधी हिब्रू कायद्याकडे जा. अहरोन बराक म्हणाला, खरीखुरी पोकळी असेल तरच. शब्दाचा अर्थ लावणे म्हणजे पोकळी नव्हे. व्यवहारात बराकचे मत चालले आणि पोकळी क्वचितच सापडते, हे निराळे सांगायला नको. २०१८ मध्ये दुरुस्ती करून 'हिब्रू कायदा' हे शब्द स्पष्टपणे घातले गेले. माझ्या मते ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उधळपट्टी. जिथे हलाखा शहाणी, लवचीक आणि गरिबांची कैवारी आहे तिथे तिला दिवाणखान्यात शोभेला ठेवले. जिथे ती सर्वांत ताठर, तिथे तिच्या हाती किल्ल्या दिल्या.

किल्ल्या दिल्यावर जे व्हायचे ते झालेच. एका माणसाने बायकोला गेट देण्याचे नाकारून तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगवास पत्करला आणि १९९४ साली तो तुरुंगातच मेला. १९९५ च्या कायद्याने गेट न देणाऱ्याचे पारपत्र, वाहनपरवाना, बँक खाते, व्यवसायाचा परवाना अडवण्याचे अधिकार रब्बींच्या न्यायालयांना मिळाले. या युक्तीला आधार सापडला तो रब्बेनू तामचाच. चोप नको पण वाळीत टाका, असे त्याने सांगितले होते. तरीही दय्यान हात आखडता घेतात, कारण सक्तीच्या गेटची ती जुनी भीती.

याच देशातल्या मुसलमानांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. शरीयत न्यायालये आजही १९१७ चा तो उस्मानी कायदा चालवतात. १९९० च्या दशकात अरब स्त्रियांच्या संघटनांनी मागणी लावून धरली, की पोटगी आणि मुलांचा ताबा यांसाठी आम्हाला दिवाणी कुटुंब न्यायालयात जाण्याची मोकळीक हवी. धर्मनेत्यांनी विरोध केला. पण त्याच सुमारास शरीयत अपील न्यायालयाचे प्रमुख काझी अहमद नातूर यांनी पोटगी ठरवण्याची पद्धत बदलली. 'मुखबिर' म्हणवणाऱ्या माहितगारांच्या अंदाजाऐवजी कागदोपत्री पुरावा पाहावा, असे ठरले. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. २००१ मध्ये मागणीप्रमाणे कायदा झाला. निकाह आणि तलाक मात्र शरीयत न्यायालयाकडेच राहिले. २०१७ साली हना खतीब या पहिल्या स्त्री काझी नेमल्या गेल्या. रब्बींच्या पीठावर दय्यान म्हणून स्त्री अजून बसलेली नाही.

ज्यूंनी आपापली दारे शोधली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हाइम कोहेन पुरोहित कुळातले. पुरोहित कुळातल्या पुरुषाला घटस्फोटितेशी लग्न करता येत नाही. १९६६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन तसे लग्न केले. ज्या देशाचे ते न्यायमूर्ती, त्या देशात त्यांचे लग्न लागू शकले नसते! सायप्रसमधील नागरी विवाहाची नोंद करून घ्यावी, असे त्यांच्याच न्यायालयाने १९६३ मध्ये सरकारला सांगितले होते. तेव्हापासून जोडपी विमानाने सायप्रसला जातात आणि परत येऊन नोंद करतात. करोनाच्या काळात विमाने थांबली, तेव्हा अमेरिकेतल्या युटा राज्यातून दूरचित्राद्वारे लग्ने लागली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची नोंदही वैध ठरवली.

पण घटस्फोट? दोघेही ज्यू असतील, तर सायप्रसला लग्न केले तरी मोडायला रब्बींकडेच यावे लागते. २००६ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. त्यापूर्वी रब्बींच्या उच्च न्यायालयाने सांगितले होते, की नागरी विवाह हा मोशेच्या धर्माप्रमाणे झालेला विवाह नव्हे. त्यामुळे तो संपवायला गेटच हवे असे नाही. न्यायालय स्वतःच्या निवाड्याने तो संपवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. म्हणजे आज इस्रायलमध्ये जी स्त्री धर्माबाहेर जाऊन लग्न करते, तिला तेच दय्यान निवाडा देऊन मोकळी करू शकतात. आणि जी रब्बीसमोर, साक्षीदारांसमोर, रीतसर लग्न करते, ती नवऱ्याच्या हातातल्या कागदाची वाट पाहत बसते.